पाणी सुटायच्या आधी

जुईनगरला आमच्या सोसायटीत पाणी सकाळी सव्वासहाला येतं आणि सव्वासातला जातं. हे नोटीस बोर्डावर लिहिलेलं आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी टाकतं, आणि इतकी वर्षं त्याच वेळी येत असल्यामुळे आमच्या अंगात मुरलेलं आहे. तरीही हिरामावशी तळमजल्यावर मुलाकडे राहायला आल्या, त्याच्या तिसऱ्याच दिवशी पहाटे सहाला माझ्या दाराची बेल वाजली. सकाळी सहाला मी माणसांत नसते. दार उघडलं तर समोर एक ठेंगणी, सावळी, ताठ उभी बाई. गुडघ्याखाली वीतभर उतरलेलं लुगडं, हातात काही नाही, चेहऱ्यावर मात्र कामाचा भाव.

"पानी सुटतंय, बाय," त्या म्हणाल्या. "खाली कोनी नाय ना?"

खाली म्हणजे कुठे आणि कोण, मला काही कळेना. मी म्हटलं, मावशी, पाण्याची वेळ आम्हाला माहीत आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"म्हाईत सगल्यांनाच असतं," एवढं बोलून त्यांनी शेजारची बेल दाबली.

पाच मजले, वीस बिऱ्हाडं, रोज, लिफ्ट न वापरता. चौथ्या दिवशी मी विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कामाला लावलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी. घरात त्याला कुणी विचारत नाही, पण खाली पार्किंगमध्ये त्याच्या शब्दाला वजन आहे. तो मावशींना समजवायला गेला आणि तासाभराने दोन कप चहा पिऊन परत आला. मला म्हणाला, "त्यांना काही बोलायचं नाही हं. त्या पॉवर हाऊसच्या आहेत." जणू काही राजघराण्यातल्याच आहेत.

पुढे मला त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्याने कळली. कर्जतच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी धोंडपाडा म्हणून गाव आहे आणि गावाला लागून एक जुनं वीजघर. वर डोंगरात धरण, तिथून माणूस उभा मावेल एवढे जाड पाईप डोंगर उतरून येतात, खाली दगडी इमारतीत त्या पाण्यावर चाकं फिरतात आणि वीज तारांवरून मुंबईला जाते. इंग्रजांच्या काळात गिरण्या चालवायला हे बांधलं. गावाला वीजघराने काय दिलं, हे मावशींना विचारायची सोय नव्हती, कारण मग संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. दवाखाना दिला, शाळा दिली. भोंगा दिला, गावात घड्याळं नव्हती तेव्हा भोंग्यावर भाकऱ्या थापल्या जायच्या आणि पोरं शाळेत हाकलली जायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नदी दिली. चाक फिरवून झालेलं पाणी इमारतीच्या पोटातून बाहेर पडतं ते थेट नदीत. आजूबाजूच्या नद्या होळीला आटतात, पण धोंडपाड्याची नदी मे महिन्यातही वाहते.

फक्त ती दिवसभर वाहत नाही. मशीन बंद असलं की पात्रात नुसते दगड आणि मधे मधे डबकी. मशीन सुरू झालं की बघता बघता छातीएवढं पाणी. मुंबईच्या लोकांनी पंखे लावले की आमच्या नदीला पूर येतो, असं मावशी सांगायच्या आणि सांगताना माझ्या हॉलमधल्या एसीकडे बघायच्या. मी उगाचच रिमोट शोधायला लागायची.

गावच्या बायका धुणं धुवायला जायच्या ते मशीन बंद असताना, त्या डबक्यांवर. मावशींचा नवरा वीजघरात कामाला होता. तो आजारपणात लवकर गेला आणि त्याच्या जागी मावशी लागल्या. कागदावर हुद्दा हेल्पर. काम एवढंच की नदीच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि पाणी सुटायच्या आधी पात्रात कुणी नाही ना, ते बघायचं. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला लाकडी पेटीत एक काळा फोन होता. इशाऱ्याचा भोंगा झाला, बायका वर आल्या, की मावशी फोन उचलून म्हणायच्या, "मोकलं हाय." मग आत व्हॉल्व्ह उघडायचा. त्याआधी नाही. मोठमोठ्या डिग्र्या घेतलेले साहेब आत घड्याळाकडे बघत बसायचे आणि चौथी शिकलेली ही बाई बाहेर पदराने घाम पुसत कुणाची तरी वाट बघायची. अशी एकतीस वर्षं त्यांनी काढली. "माज्या ड्युटीत पान्यानं कोनाला नेला नाय," हे वाक्य त्या इतक्या साधेपणाने म्हणायच्या, की पहिल्या दोन-तीन वेळा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

माणसं मोजायची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. नदीचा तो भाग खडकाळ, बायका दगडांआड बसतात, कोण वाकलेली असते, कोण झाडाखाली पोराला पाजत असते. डोकी मोजून काही खरं नाही. म्हणून मावशींनी नियम केला की पात्रात उतरायचं तर चपला वरच्या पायरीवर काढून ठेवायच्या. मग डोकी मोजायची गरजच नाही. पायरीवर चपला आहेत तोवर खाली माणूस आहे. पायरी रिकामी झाली की नदी रिकामी. गावात हे इतकं पक्कं झालं, की देवळाबाहेर काढाव्यात तशा बायका तिथे चपला काढायच्या, आणि नवी सून आली की सासू तिला आधी पायरी दाखवायची, मग चूल.

ह्या नियमापायी एकदा मोठाच घोळ झाला. भोंगा वाजला, सगळ्या बायका वर आल्या, चपला घालून घरी गेल्या, आणि पायरीवर एक जोड उरला. मावशींनी हाका मारल्या. उत्तर नाही. आतून फोनवर फोन. मुंबईला वीज हवी होती, मशीन तयार होतं, आणि मावशींचं एकच पालुपद, मोकळं नाही. अर्धा तास झाला तसे मोठे साहेब स्वतः तरातरा नदीच्या घाटावर आले. साहेबांच्या मागे दोन इंजिनियर, इंजिनियरांच्या मागे अर्धं गाव. शोधाशोध झाल्यावर कळलं की चपलेचा अंगठा तुटला म्हणून एक बाई ती तिथेच टाकून अनवाणी घरी गेली होती आणि आता घरी निवांत मासे साफ करत बसली होती. एका तुटक्या चपलेसाठी मुंबईची वीज अडवली म्हणून साहेब जे काही बोलले, ते मावशी सांगत नसत. स्वतःचं उत्तर मात्र प्रत्येक वेळी पदर सावरून सांगत.

"सायेब, चप्पल तुटलेली हाय का धड हाय, त्ये मना दिसतं. बाई जिती हाय का नाय, त्ये नाय दिसत."

साहेब आले तसे आत गेले म्हणे. त्या बाईला मात्र मावशींनी महिनाभर नदीवर उतरू दिलं नाही. तिची धुणी स्वतःच्या घरी, विहिरीच्या पाण्यावर करायला लावली. ही शिक्षा गावाला साहेबांच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वीजघरात यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी गावाला आत सोडायचे. पुरुष मंडळी पितळेच्या पाट्या वाचायची, पोरं पेढ्यांच्या रांगेत. मावशींचं लक्ष बायकांवर. एकेकीला हाताला धरून त्या चालत्या मशीनपाशी न्यायच्या आणि तिचा तळहात त्या लोखंडी कवचावर टेकवायच्या. कवच थरथरत असायचं. बाई दचकून हात मागे घ्यायची. मग मावशी तिच्या कानाशी ओरडून सांगायच्या, कारण आत दुसरं काही ऐकू यायचं नाही, की हे जे आत धडका देतंय ना, तेच पाणी तुझ्या डबक्यावर येतं. एवढं झालं की ती बाई पुन्हा कधी 'हे शेवटचं लुगडं पिळते आणि येते' असं म्हणायची नाही. दरवर्षी नव्या सुना, दरवर्षी नवे तळहात. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझाही हात आपोआप मांडीखाली गेला होता.

आणि मग मावशी रिटायर झाल्या. हे प्रकरण त्या हसत सांगायला सुरुवात करायच्या, पण हसू शेवटपर्यंत टिकायचं नाही. वीजघरात पद्धत अशी की एकाची ड्युटी संपली तरी तो जागचा हलत नाही. दुसरा येतो, सगळं बघून घेतो, 'चार्ज घेतला' असं तोंडाने म्हणतो, वहीत सही करतो, मगच पहिला चप्पल घालतो. दुसरा आलाच नाही तर पहिला तिथेच. मावशींच्या शेवटच्या दिवशी नारळ झाला, शाल झाली, साडी झाली, फोटो झाले. पण संध्याकाळी घाटावर चार्ज घ्यायला कुणी आलं नाही. त्यांची जागाच रद्द झाली होती. तिथे आता आपोआप वाजणारा भोंगा आणि एक कॅमेरा बसणार होता. मावशी शाल पांघरून अंधार पडेपर्यंत पायरीवर उभ्या राहिल्या. शेवटी सुभाष, त्यांचा मुलगा, हाताला धरून घरी घेऊन गेला.

सुभाष उरणला कंटेनर यार्डात आहे. शांत, सरळ मुलगा. आईला आता आराम द्यायचा म्हणून त्याने जुईनगरला आणलं. आणि आईने आराम कसा घेतला, ते मी वर सांगितलंच. लिफ्टमध्ये कोण शिरलं, कोण उतरलं, हे त्यांना पाठ. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत माणूस साफ करायला उतरला की त्या टाकीच्या तोंडाशी ठाण मांडून बसायच्या, आणि तो बाहेर येईपर्यंत पंपाच्या बटणाजवळ वॉचमनलाही फिरकू द्यायच्या नाहीत. दुपारी बाराला आणि चारला, म्हणजे तिकडे पाणी सुटायच्या वेळेला, त्यांचा गावाला फोन. रखमा आली का वर? शेवंती कुठं हाय? तिकडून कुणीतरी सांगायचं की सगळ्या आहेत, घरी आहेत, जेवतायत. मग ह्यांच्या घशाखाली चहा उतरायचा.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पायरीवर पुन्हा एक माणूस उभा राहावा. तो कॅमेरा त्यांनी गावाला गेल्यावर नीट तपासला होता. "त्याची मान वलत नाय, बाय," त्या मला म्हणाल्या. नदी जिथे वळते, त्या वळणापलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि चांगली, मोठी डबकी नेमकी वळणापलीकडे. त्यांचं म्हणणं मी अर्जात लिहून दिलं. माझं अक्षर बरं आहे आणि बेलापूरच्या ऑफिसात जन्म गेल्यामुळे 'सविनय' आणि 'कृपया' कुठे घालायचं ते मला कळतं. असे सात अर्ज आम्ही दोघींनी पाठवले. साती वेळा एकच उत्तर आलं, की स्वयंचलित व्यवस्था कार्यरत आहे. मावशी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या आणि म्हणायच्या, आठवा लिव.

मला खरं सांगायचं तर ह्या सगळ्याची गंमतच वाटायची. म्हाताऱ्या माणसाचा एक नाद असतो, तसा हा नाद. अशी माझी समजूत होती, आणि ती मोडायला मला स्वतःचाच नवरा खर्ची घालायची वेळ यावी लागली.

सोसायटीची पिकनिक मावशींच्या गावाला न्यायची कल्पना विलासची. नदी आहे, डोंगर आहे, जुनं पॉवर हाऊस आहे, मावशींची ओळख आहे. मार्च महिना, रविवार. बस करून आम्ही चाळीसजण गेलो. नदी बघून सगळे हरखले, कारण पात्रात पांढरेशुभ्र गुळगुळीत दगड आणि स्वच्छ, घोट्याएवढं पाणी. लगेच सतरंज्या पसरल्या, पुलावाचं पातेलं दगडांत बसवलं गेलं. मावशी वरच्या पायरीवर उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या की चपला, बूट इथे काढा. कुणी काढेना. दगड तापलेत, पाय भाजतात. स्पोर्ट शूज खास पिकनिकसाठी आणलेत. विलासने तर हसून सांगितलं की मावशी, आता सगळं ऑटोमॅटिक आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका, या खाली बसा.

मावशी खाली आल्या नाहीत. मोजायला चपला नाहीत, म्हणून त्या उन्हात उभ्या राहून डोकी मोजत राहिल्या. मी दोनदा त्यांच्यासाठी प्लेट घेऊन वर गेले, त्यांनी दोन्ही वेळा नजर न हलवता नको म्हटलं. मला वाटलं, बूट काढले नाहीत म्हणून रुसल्या.

बाराच्या सुमाराला भोंगा झाला. आणि आमच्या सोसायटीने काय करावं? टाळ्या वाजवल्या. जेवणाची सुट्टी झाली, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. नवी मुंबईत राहून भोंगा म्हणजे कारखान्याची सुट्टी, यापलीकडे आम्हाला काही सुचणारच नाही. तेवढ्यात वरून मावशींचा आवाज आला. तो आवाज मी जुईनगरला कधी ऐकला नव्हता. नुसतं "वर!" एवढंच. पण त्यात असं काही होतं, की चाळीसपैकी निम्मे लोक विचार न करता उठले, आणि उरलेले त्या निम्म्यांना बघून. सतरंज्या, पोरं, पातेलं, सगळं घेऊन आम्ही धापा टाकत वर आलो. मावशी एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजत होत्या. मोजून झालं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेकरेटरी कुटं हाय?"

विलास नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे नाडकर्णीही नव्हते. दोघं व्हिडिओ काढायला वळणापलीकडे गेले होते, हे कुणाला तरी आठवलं. मी फोन लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. मोबाईल दोनदा हातातून खाली पडला. ज्या माणसाशी सकाळीच पापड कुठे ठेवले यावरून मी भांडले होते, त्याच्या नावाने मी तिथे, सगळ्यांसमोर, हंबरडा फोडायच्या बेतात होते. लाकडी पेटी होती, पण तिच्यातला काळा फोन केव्हाच काढून नेलेला. हल्ली भोंग्यानंतर दहा मिनिटांनी पाणी सुटतं, हे मावशींनीच मला शंभर वेळा सांगितलेलं. त्यातली चारेक तर मोजणीत गेली होती.

मावशींनी माझा हात घट्ट धरला. "तू हितंच उबी ऱ्हा. कोनाला खाली जाऊ देऊ नको."

आणि स्वतः पायऱ्या उतरून गेल्या. पळत नाही, भराभर. पात्राच्या मधोमध एक मोठा दगड आहे, त्याच्यावर त्या जाऊन बसल्या, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून. मांडी घातली, लुगडं सारखं केलं आणि उजवा हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन माणसं. मग त्यांची युक्ती माझ्या ध्यानात आली. वळणापलीकडची दोन माणसं कॅमेऱ्याला दिसत नाहीत, पण दगडावर बसलेली म्हातारी दिसते. आणि माणूस दिसल्यावर आत कॅमेरा बघत बसलेला माणूस व्हॉल्व्ह उघडणार नाही.

खांबावरचा स्पीकर खरखरला. ओ आजी, बाहेर व्हा, पाणी सुटतंय. मावशी ढिम्म. आजी, ऐकू येतंय का? मावशींनी दोन बोटं आणखी उंच केली. स्पीकर आधी विनंती करत होता, मग दम देत होता, मग काकुळतीला आला. दहा मिनिटं उलटून गेली. आम्ही वरून सगळे मिळून विलासच्या नावाने ओरडत होतो. वीजघराच्या फाटकातून हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनियर धावत आला, घाटावर येऊन मावशींवर ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी वळणाआडून माझे यजमान प्रकट झाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काठीला मोबाईल, मागे नाडकर्णी. आम्हा सगळ्यांना वर उभं बघून विलासने लांबूनच विचारलं, पुलाव संपला की काय?

मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आधी बोलले, मग मिठी मारली, मग परत बोलले. सोसायटीने दोन्ही ऐकलं आणि बघितलं, त्याला आता इलाज नाही.

ते दोघं वर आले, त्यांच्या मागून मावशी आल्या. इंजिनियर वळणाकडे बघत होता, मग कॅमेऱ्याकडे, मग पुन्हा वळणाकडे. त्याचा रंग उतरला होता. त्याने हळूच विचारलं, तुम्ही तिथे कुणाच्या परवानगीने बसलात?

"मना रिलीव कराया कोनी आलंच नाय, सायेब," मावशी म्हणाल्या. "चार्ज अजून माज्याकडंच हाय."

त्याने हेल्मेट काढलं. मग म्हणाला, धोंडपाड्याच्या हिराबाई म्हणजे तुम्हीच का? ते सात अर्ज? साती उत्तरांवर सही त्याचीच होती. मी पुढे होऊन सांगितलं की अक्षर माझं आहे. काय गरज होती, देव जाणे, पण त्या क्षणी मला त्यात माझाही वाटा हवासा झाला होता.

त्याने आठवा अर्ज मागितला नाही. चार महिन्यांनी त्याचंच पत्र आलं. घाटावर दोन पाळ्यांत दोन बायका नेमल्या होत्या, दोघी गावातल्याच, आणि पहिल्या दिवशी हिराबाईंनी हजर राहावं अशी विनंती होती. पत्र मी मोठ्याने वाचलं. मावशींनी ते दोनदा वाचायला सांगितलं नाही. पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मला म्हणाल्या, आता एक चहा ठेव.

मावशी आता पुन्हा धोंडपाड्यालाच राहतात. आमच्या गाडीतून त्या पहिल्या दिवसासाठी गेल्या त्या गेल्याच. गाडी विलासने चालवली. मावशींना त्या नदीकाठी न्यायचं तर मीच नेणार, असा त्याचा हट्ट होता आणि मीही अडवलं नाही.

सकाळच्या पाळीला दर्शना म्हणून तिशीची एक बाई होती. उभट चेहरा, जाड वेणी, अंगावर नवीकोरी निळी साडी, आणि धास्तीने ओठ कोरडे पडलेले. मावशींनी तिला घाटावर फिरवलं, कुठला दगड कुणाचा ते सांगितलं, परत बसवलेल्या फोनची रिंग तपासली. मग तिची परीक्षा घेतली. आतून साहेब ओरडायला लागले तर? दर्शना म्हणाली, ओरडू दे. सासू ओरडली तर? ती जरा थांबली आणि म्हणाली, तिलाही ओरडू दे. मावशींना हे दुसरं उत्तर जास्त आवडलेलं दिसलं. दर्शनाने वहीत सही केली आणि हळू आवाजात म्हणाली, "चार्ज घेतला." मावशींनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ती एवढ्या जोरात म्हणाली, की खालच्या बायकांनी माना वर केल्या.

आत साहेबांनी चहा मांडला होता. आम्ही तिकडे वळलो आणि मावशी उलट दिशेला. पायऱ्या उतरून त्या पात्रात गेल्या, बायकांमधून वाट काढत एका डबक्यापाशी पोचल्या आणि लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात सरळ बसल्या. बायकांचे धुण्यावरचे हात थांबले. मग रखमा का कोण ती म्हणाली, अगो बया, ही इथं धुवायला आज किती वर्सांनी उतरली. नवरा गेल्यापासून मावशींनी ह्या नदीवर एकही कपडा धुतला नव्हता. त्यांना वरून बघायचं काम होतं, खाली बसायला सवड नव्हती. कुणीतरी त्यांच्या हातात साबण दिला, कुणीतरी पाणी उडवलं, आणि एकतीस वर्षं जिच्या धाकात गावच्या बायका वागल्या, तिच्या पाठीला दोघीजणी घासायला बसल्या. मावशी अशा हसत होत्या, की त्यांचे पुढचे दोन दात पडलेत हे मला तेव्हा कळलं.

भोंगा झाला. एकेक बाई उठली, पिळे डोक्यावर घेऊन वर आली. मावशी बसून होत्या. तोंड वीजघराकडे नाही, डोंगराकडे. दगडावर टाच घासत होत्या, अगदी सावकाश. विलासने घाबरून माझं मनगट धरलं. फोन वाजायला लागला. दर्शनाने तो उचलला नाही. ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"हिराबाय, वर ये गो! तू वर आल्याबिगर मी फोन करनार नाय!"

मावशींनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दुसरी टाच घासायला घेतली.

"येते गो," त्या म्हणाल्या. "तू हायस ना तिथं."